चतुराबाई कधी मेली?

१

आपण मेलो आहोत, हे चतुराबाईला खिडकीवर कळलं.

निराधारांच्या ऑफिसाची ती खिडकी इतकी खाली होती की ताठ माणसाला वाकावं लागे आणि वाकलेल्याला आणखी वाकावं लागे. चतुराबाई मुळातच वाकलेली. तिनं हनुवटी लाकडावर टेकवली आणि आतल्या कारकुनाला म्हणाली, "बाबा, पोस्टमन म्हनतो माझी पगार आली नाय. दिवाळीपासून नाय. कुठं अडकली बघ की."

निराधार योजनेच्या पैशाला मराठवाड्यातली म्हातारी माणसं पगारच म्हणतात. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबून पगार असा कधी मिळाला नाही, तो म्हातारपणी सरकारनं चालू केला, अशी त्यांची समजूत. चतुराबाईची पगार महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डरीनं हर्सूलला येई.

कारकुनानं रजिस्टर उलटलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"आजी, ही बाई मयत आहे."

"कोन बाई?"

"चतुराबाई रंगनाथ, राहणार हर्सूल."

"मीच की ती."

"मयत आहे म्हणतोय ना."

म्हातारीनं जरा विचार केला. "व्हय? कधी?"

मागच्या रांगेत हशा पिकला. कारकूनही हसला. तेवढ्यात रांगेतल्या कुणीतरी म्हटलं, "आजी, त्या फाटकाजवळ नाना बसलेत, त्यांना धर."

नाना म्हणजे नानासाहेब दहिवाळ. औरंगपुऱ्यातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून ऑफिसाच्या फाटकाजवळ बाकडं टाकून ते गोरगरिबांचे अर्ज लिहून देत. वाचनालयात त्यांनी हजारो रहस्यकथा लोकांच्या हातात ठेवल्या होत्या आणि त्या सगळ्या आधी स्वतः वाचल्या होत्या. त्यांतले गुप्तहेर कुठल्याही दारात बेधडक शिरत. नानासाहेब मात्र शिपायाला वेळ विचारायची झाली तरी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत येत. अर्ज कागदावर होता म्हणून त्यांचं निभत होतं.

चतुराबाईला घेऊन ते खिडकीशी गेले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"ही बाई जिवंत आहे," ते हळूच म्हणाले.

"मला दिसतंय की नाना," कारकून म्हणाला. "पण तिची मयत योजनेच्या मंडळानं मंजूर केलीय. मंजूर झालेली मयत परत जिवंत करायचा नमुना आमच्याकडं नाही. बैठक पुढच्या आठवड्यात आहे. तिथं काय सांगायचं ते सांगा. त्या बैठकीत नाही झालं, तर प्रकरण बंद."

"मग नवा अर्ज—"

"नव्या अर्जाला जागा कुठाय? जागा ठरलेल्या आहेत. एक गेला की एक आत येतो. हिच्या जागेवर आशाबाई म्हणून एक हर्सूलचीच बाई आलीसुद्धा."

"पण हिला मेली असं ठरवलं कुणी?"

कारकुनानं रजिस्टर मिटलं. "चौकशी सांडू भाऊसाहेबांनी केली. आणि नाना, सांडू भाऊसाहेब खोटं लिहीत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

ते खरंच होतं. म्हणून तर नानासाहेब स्वतःच आत जायला निघाले.

२

सांडू हा त्या ऑफिसातला एकमेव माणूस, की ज्याच्याबद्दल फाटकाबाहेरचे दलालसुद्धा चिडून बोलत. चिडण्याचं कारण, तो पैसे खात नसे. कुणाच्या घरी चौकशीला गेला तर चहाही आपल्या पैशाचा पिई.

नानासाहेब आत गेले तेव्हा सांडूच्या टेबलापाशी शिपाई पेढे घेऊन उभा होता. त्याचा मुलगा पास झाला होता.

"नको रे बाबा," सांडू पोटावर हात ठेवून म्हणाला. "डॉक्टरनं गोड तोडलंय. मागं हर्सूलला बायांनी आग्रह केला, दोन द्रोण लापशी खाल्ली, आणि जी साखर चढली ती उतरायला तयार नाही. नानांना दे. बसा नाना."

नानासाहेबांनी पेढा हातात धरून ठेवला. काय बोलायचं ते दारापर्यंत पाठ केलं होतं. खुर्चीत बसल्यावर विसरले. शेवटी म्हणाले, "चतुराबाई."

"हर्सूलची? वाईट झालं."

"बाहेर बसलीय."

सांडूच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. चष्मा काढून त्यानं तो सदऱ्याच्या टोकानं पुसला. "असं होय," तो म्हणाला. "मग माझी चूक झाली असेल. पण मी तरी काय करणार? हर्सूल माझ्याकडं नाहीच. तिथला माणूस रजेवर होता म्हणून गेलो; तेवढाच एकदा, तेवढ्याच एका चौकशीला. गल्लीत शिरलो तो रडारड चाललेली. म्हातारीचं दार लोटलेलं. शेजारीण सांगते, गेली. सख्खा भाऊ ऊर बडवून घेतोय. त्याच्या पुढ्यात मी प्रेत दाखवा म्हणू? दोघांचे अंगठे घेतले, हात जोडले, आलो."

"सख्खा भाऊ?"

"पुंजाराम. फुलंब्रीकडचा. माणूस इतका रडत होता की मला पाणी आणून द्यावं लागलं."

नानासाहेब बाहेर आले. चतुराबाई आवारातल्या लिंबाखाली पाय पसरून बसली होती. त्यांनी पेढा तिच्या हातावर ठेवला आणि जपून विचारलं, "आजी, तुमचा भाऊ पुंजाराम. त्याचं तुमचं काही वाकडं आहे का?"

म्हातारीचं तोंड चालायचं थांबलं. तिनं पदर पुढं ओढला.

"त्याला यात वढू नका."

"पण तुम्ही मेल्याचं त्यानं—"

"नाना, मी पाया पडते. त्या दिसाचं मला काय बी इचारू नका. मला बोलता येत नाय."

म्हणजे तिला ठाऊक होतं. खिडकीवर 'व्हय? कधी?' विचारणाऱ्या या बाईला तो दिवस चांगला ठाऊक होता. मग ती गप्प का?

३

नानासाहेब बसनं हर्सूलला गेले. तलाव उजवीकडं ठेवून गल्लीत शिरलं की चतुराबाईचा पुतण्या कडूबा याचं घर. घराला चिकटून पत्र्याची एक खोली. तीत म्हातारी राहायची. खोलीच्या दाराशी विटांचा ढीग रचलेला होता, आणि कडूबा त्या ढिगावरच बसून दात घासत होता.

"विटा कशाला?" नानासाहेबांनी विचारलं. आपल्याला हे सुचलं याचं त्यांना बरं वाटलं.

"गिरणी टाकायची हाय. पिठाची. हितं." कडूबानं बोटानं खोली दाखवली, चूळ भरली आणि त्यांच्याकडं नीट बघितलं. "तुमाला वाटतंय मी चुलतीला कागदावर मारली? वाटू द्या. मायला, आख्ख्या गल्लीला तसंच वाटतंय."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हनायला कशाला पायजे? तुमचं त्वांड दिसतंय. पर हिशोब करा की, शिकल्यालं मानूस तुमी. तिची पगार व्हती तवर ती तिचं तेल-मीठ आनायची. आता तिसरा महिना, माझ्या ताटात जेवती. गिरणीच्या विटा तशाच पडल्या, शिमिटाला पैसा राहिना. तिला मारायची तर मी खरीच मारली असती. कागदावर मारून माझ्याच गळ्यात बांधून घिऊ? येडा हाय का मी?"

बोलणं ओंगळ होतं, पण बिनतोड होतं. नानासाहेबांनी मनातल्या यादीतून कडूबाला खोडलं.

"त्या दिवशी तू कुठं होतास?"

"एमआयडीसीत. ड्यूटीवर. आलो तवर समदं झालं व्हतं." एवढं बोलून तोही गप्प झाला, चतुराबाईसारखाच.

कोपऱ्यावर फारूखचं दुकान. पुढं सायकली, मागं एसटीडीची काचेची खोली. सायकली आणि फोन सोडून फारूखचा आणखी एक धंदा होता: लोकांची कागदं करून तो ऑफिसात नेई आणि त्याचे पैसे घेई. आशाबाईचीही कागदं त्यानंच केली होती. नानासाहेबांनी वाचलेल्या पुस्तकांत गुन्हेगार इतका समोर ठेवलेला नसे, म्हणून ते जरा बुचकळ्यात पडले.

"आओ नाना! आपका-हमारा एकच धंदा, फक्त आप फुकट में करते," फारूखनं स्टूल पुढं सरकवलं. "बोलो, किसका अर्ज?"

"आशाबाईची जागा कशी झाली, फारूख?"

"हौ, समझा." तो हसला नाही. "मेरेकू ऑफिस से मालूम हुआ, जागा खाली है, कागदं लाओ. मैं लेके गया. किसकी जागा, ये मैं पूछता नहीं. पूछा तो रात को नींद नहीं आती. और वो सांडू! उसकू पैसे देके काम होता तो मैं आज बंगले में रहता."

"पण चतुराबाई जिवंत आहे हे तुला माहीत होतं."

"माहीत? अरे, मैं तो उस दिन खुद रोया!"

"जिवंत आहे हे माहीत असून?"

फारूखनं रस्त्यावर नजर टाकली, मग आवाज खाली आणला. "नाना, मैंने जबान दी है, किसीकू नहीं बोलूँगा करके. पण तिची पगार गेली, तर आता बोलतो. पुंजारामच्या गावाला फोन याच खोलीतून गेला. 'चतुरा गेली, लवकर या.' फोन मैंने लगाया, बोली वो साळूबाई, शेजारीण. मेरे सामने. और उस वक्त बुढिया कहाँ थी मालूम? साळूबाईच्या घरात, खाटेवर, शेंगा खात बसलेली. मैंने अपनी आँखों से देखी."

"मग?"

"मग गाँव से लोग आए, रोए. बीच में मेरेकू जाना पड़ा, जुम्मा था. नमाज पढ़के आया तो..." तो थांबला. "आगे का साळूबाई से पूछो. मैं इतनाच बोलता."

४

साळूबाईकडं जाण्याआधी नानासाहेबांनी वाट वाकडी केली. खरं सांगायचं तर त्यांना साळूबाईची भीती वाटू लागली होती. जिवंत मैत्रिणीच्या मरणाचा फोन करणारी बाई पुस्तकातसुद्धा क्वचित भेटते.

आशाबाई हर्सूलच्या तुरुंगाच्या फाटकासमोर भाजलेल्या शेंगा विकत असे. भेटीच्या दिवशी कैद्यांची माणसं येत, त्यांच्यावर तिचं पोट. पाठीमागं गोणपाटावर तिची मुलगी निजलेली होती. मुलगी मोठी होती, पण मान धरत नव्हती.

"तुम्ही पगारीचं इचारायला आलाव," आशाबाई पाटीवरून नजर न काढता म्हणाली. "लोकं सांगून गेली मला. मी म्हातारीला मारली म्हनं."

"तुम्हाला ठाऊक होतं, ती जागा कुणाची?"

"काका, नवऱ्यानं टाकली तवापून मी त्या हापिसात चकरा मारते. दर बारीला सांगायचे, जागा नाय. एक दिस म्हनले, झाली. मी कुनाची इचारायला पायजे व्हतं का?" तिनं शेंगा चाळवल्या. "तुमी इचारलं असतं का?"

नानासाहेबांनी शेंगा घेतल्या, नको तेवढ्या घेतल्या, आणि निघाले.

साळूबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. नानासाहेबांनी फारूखचं नाव न घेता एवढंच म्हटलं, "फोन तुम्ही केला होता."

तिनं सूप खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. "त्या मेल्याच्या पोटात पाणी ऱ्हाईना का!"

"तिची पगार बंद झालीय, साळूबाई. बैठकीत खरं सांगितलं नाही तर कायमची."

म्हातारी उठली आणि तिनं नानासाहेबांना आत घेतलं. मग तिनं दार लोटून घेतलं.

"कावळा शिवला व्हता तिला," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी. अंगणात दाळ वाळत घातली व्हती, तिची राखण करत बसली. वाईच डोळा लागला. कावळा आला तो थेट डोक्यावर. चोच मारली, रगत काढलं."

साळूबाईनं आपल्या टाळूवर बोट ठेवून दाखवलं.

"डोक्याला कावळा शिवला का मानूस ऱ्हात नसतंय. इलाज येकच. सोयऱ्याधायऱ्यांत मेल्याची खोटी बातमी धाडायची. त्यांनी खरंच रडाया पायजे. ठावं असून रडले तर उपेग नाय. डोळ्यातनं खरं पाणी पडलं, का वरच्या वहीत मेल्याची नोंद व्हती, आन् मानूस खाली ऱ्हातंय. मग तवर जो कुनी इचारंल त्याला गेली म्हनूनच सांगायचं. शंकराला इचारलं असतं तरी मी गेली म्हनले असते."

"म्हणून सांडू साहेबांनाही—"

"साहेब व्हता का तो? रडण्याच्या कालव्यात कुनी तरी अंगठा मागितला. पुंजारामनं दिला, मी बी दिला. मला काय ठावं कशावर?"

"आणि चतुराबाई स्वतः का बोलत नाही?"

"ज्याला शिवला त्यानं वर्सभर ती गोष्ट त्वांडातनं काढायची नाय. खोटं व्हतं म्हनलं का खालीवर होतंय, आन् वरून परत बोलावणं येतंय. बिचारी पगार सोडाया तयार हाय, पर बोलाया नाय." साळूबाईनं डोळे पुसले आणि तशीच हसली. "लई रडला वो पुंजाराम. दिसभर रडला असता. मग म्या ह्या दारातनं चतुराला बाहेर काढली. आदी समदे भ्याले, मग जे हसायला लागले! पुंजारामनं तिला दोन शिव्या हासडल्या आन् गळ्यात पडला. मग गोड केलं, समद्या गल्लीला वाढलं. असा दिस झाला, नाना."

नानासाहेबांच्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हणजे खून नव्हता, फितुरी नव्हती. यमाला फसवायला रचलेल्या नाटकात सरकार फसलं होतं! सांडू ऐन रडण्याच्या वेळी आला, ऐकलं ते लिहिलं आणि गेला. साधी चूक. चूक दाखवली की सुटणार. बसमध्ये बसल्या बसल्या ते अर्जाची पहिली ओळ जुळवू लागले.

गुलमंडीला उतरेपर्यंत ती जुळलीही होती.

५

ती मोडली घराच्या दारात.

शेजारच्या सोनारांकडं सकाळी म्हातारे वारले होते. नानासाहेबांच्या सूनबाईनं पिठलं-भाकरी करून ठेवली होती. "बाबा, कडू घास तुम्हीच नेऊन द्या," ती म्हणाली. "त्यांच्याकडं चूल पेटलेली नाही."

फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन नानासाहेब जिना उतरू लागले आणि अर्ध्यावर थांबले.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे आणतात ते खायचं, तेही पिठलं-भाकरीसारखं. मयताच्या दारात कुणी गोड वाढत नाही, वाढलं तर कुणी खात नाही.

आणि सांडूनं लापशी खाल्ली होती.

हर्सूलला. आणि हर्सूलला तो एकदाच गेला होता, त्या एकाच चौकशीला. हेही त्यानंच सांगितलं होतं. रडारड चालू असताना कुणी लापशी शिजवली नव्हती. म्हणजे सांडू हात जोडून निघून गेला नव्हता.

नानासाहेबांना वाटलं, आपलं चुकत असेल. नेहमी चुकतं. पुस्तकं वाचून डोकं फिरलंय. भाकरी पोचवून ते तसेच परत हर्सूलला गेले. साळूबाई अजून तांदूळच निवडत होती.

"गोड काय केलं होतं हो त्या दिवशी?"

"लापशी. का वो?"

"कुणाकुणाला वाढली?"

"समद्यास्नी. पारावर पंगतच बसली म्हना ना. चतुरानंच वाढली, म्हनली, माझ्या मयतीचं मीच वाढते." साळूबाई पुन्हा हसू लागली. "एक परका बी व्हता, चष्म्याचा, कागदाची पिशी घेतल्याला. मला वाटलं पुंजारामच्या गावचा हाय. तो म्हने, पुरे पुरे. चतुरा म्हनली, खा बाबा, मेलेल्या बाईला नाय म्हनू नाय. तिला मोतीबिंदूनं दिसतंय कुठं, तिनं आनखी येक द्रोण भरला."

६

सांडूच्या टेबलासमोर नानासाहेब दुसऱ्यांदा बसले. पुस्तकात अशा वेळी सगळे संशयित दिवाणखान्यात जमलेले असतात आणि गुप्तहेर येरझाऱ्या घालतो. इथं पंखा कुरकुरत होता आणि नानासाहेबांनी हात टेबलाखाली ठेवले होते.

"भाऊसाहेब, लापशी तुम्हाला कुणी वाढली?"

सांडूनं मान वर केली.

"मयताच्या घरी लापशी नसते," नानासाहेब म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू येत नव्हता. "हर्सूलला तुम्ही एकदाच गेलात. म्हणजे रडणं संपून हसणं सुरू झालं तेव्हाही तुम्ही तिथंच होतात. मेलेली बाई चालत बाहेर आली, ती तुम्ही पाहिलीत. तिच्याच हातची लापशी खाल्लीत. दोन द्रोण. तोवर अंगठे तुमच्या पिशवीत होते, कागद ऑफिसात पोचला नव्हता. फाडायला काहीच लागलं नसतं."

सांडूनं शिपायाला बाहेर जायला सांगितलं. तो नाकारील, ओरडेल, हाकलून देईल, याची नानासाहेबांनी तयारी ठेवली होती. तसं काही झालं नाही.

"चांगली होती लापशी," सांडू म्हणाला. "आयुष्यात कामावर असताना कुणाचं खाल्लं ते तेवढंच. त्या बाईनं वाढली आणि नाही म्हणवेना."

"मग का केलंत? कुणी पैसे—"

"ते बोलू नका नाना." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला, मग लगेच उतरला. "त्या महिन्यात वरून निरोप होता. प्रत्येकानं पडताळणी करून मयत दाखवायचे. कुणी मेलंच नाही म्हटलं, की म्हणतात तुम्ही घरी बसून चौकशी केली. माझ्या यादीत कुणी मेलेलं नव्हतं. आधीचे काही दिवस फिरलो होतो, दुसऱ्या भागांत. एक आंधळा देवळात राहतो, एक बाई पुलाखाली. त्यांना घरदारच नाही. त्यांतलं एक नाव कापलं असतं तर कुणी विचारायलाही आलं नसतं. कापायला सगळ्यात सोपी ती नावं."

त्यानं चष्मा काढला.

"आणि मग ही गल्ली बघितली. भाऊ गावाहून धावत येतो. शेजारीण जीव टाकते. तुटकं-फुटकं का होईना, पुतण्याचं ताट आहे. कागदावर मेल्यावर ही बाई उपाशी मरणार नाही, एवढं मला तिथं पारावर बसून दिसलं. नाना, जिला रडायला एवढी माणसं आहेत तिचं नाव मी कापलं. ज्याला रडायला कुणी नाही, त्याचं ठेवलं. आणि जागा झाली ती आशाबाईला दिली. तिची पोरगी बघितलीत?"

"बघितली."

"मग सांगा, चुकलं काय?"

नानासाहेबांना रहस्य सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. "पगार चतुराबाईची होती," ते एवढंच म्हणाले. "तुम्हाला दिसलं म्हणून ती तुमची होत नाही. आणि दोघींना का नाही?"

"दोघींना!" सांडू हसला, पण त्या हसण्यात कडवटपणाच होता. "ते माझ्या टेबलावर ठरत नाही. माझ्या टेबलावर जागा येतात, ठरलेल्या. ठीक आहे. बैठकीत मी लिहून देतो, नजरचुकीनं मयत दाखवली. माझी पगारवाढ थांबेल, थांबू दे. चतुराबाईचं नाव परत चढेल. पण चढवायला एक उतरवावं लागेल. कुणाचं, ते तुम्ही सांगा."

"मी कुणाचंही नाव सांगणार नाही."

"अर्जावर एक नाव लिहिलं की दुसरं खोडलं जातंच ना, नाना?"

७

त्या दिवशी नानासाहेबांनी अर्ज लिहिला नाही. ते चतुराबाईकडं गेले आणि सगळं तिला सांगितलं. त्या दिवसाबद्दल तिनं काही बोलायची गरज नाही, सांडूच लिहून देणार आहे, हेही सांगितलं. मग आशाबाईचं सांगितलं. मनातून त्यांना वाटत होतं की म्हातारी म्हणेल, जाऊ द्या, त्या पोरीला राहू द्या. म्हणजे अर्ज लिहावा लागणार नाही.

चतुराबाईनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"माझी मला पायजे," ती म्हणाली. "कडूबाची बायकू भाकर वाढताना ताट आपटती. तुमी ते ऐकलं नाय. म्या ऐकते, रोज दोन बारीला. माझं तेल-मीठ मी आनीत व्हते तवर ताट वाजत नव्हतं. भाऊ रडाया येतो, खरं हाय. रडून जातो बी. लिवा अर्ज."

नानासाहेबांनी तिथंच, विटांच्या ढिगावर कागद ठेवून अर्ज लिहिला. खाली त्यांनी आणखी एक परिच्छेद जोडला: आशाबाई हिचं नाव कमी न करता जागा वाढवून मिळावी. तो परिच्छेद लिहिताना त्यांनी सुंदर अक्षर काढलं.

बैठकीत सांडूनं चूक कबूल केली. अध्यक्षांनी चतुराबाईला पुढं बोलावून नीट बघितलं, कुणीतरी विनोद केला, सगळे हसले, आणि ती जिवंत झाली. आशाबाईचं नाव 'अनवधानाने समाविष्ट' म्हणून निघालं. खालचा परिच्छेद कुणी वाचला नाही. सांडूची बदली झाली.

पुढच्या सोमवारी चतुराबाई मनिऑर्डर पुन्हा केव्हापासून येणार ते विचारायला ऑफिसात आली आणि नेहमीसारखी लिंबाखाली टेकली. थोड्या वेळानं फाटकातून आशाबाई आत आली. मुलगी तिच्या कडेवर होती. एवढी मोठी मुलगी कडेवर मावत नव्हती, तिचे पाय लोंबत होते. ती सरळ नानासाहेबांच्या बाकड्यापाशी आली.

"माझा नवा अर्ज लिवा, काका."

नानासाहेबांनी पेन उघडलं. मग परत मिटलं. "आशाबाई, आत्ता जागा नाही. अर्ज नंबरात राहील."

"नंबरात म्हंजे?"

"म्हणजे... कुणाची जागा रिकामी झाली की."

"म्हंजे कुनी मेलं की," आशाबाई म्हणाली. "मग आता कुनाची वाट बघू, तेवढं तरी सांगा."

उत्तर लिंबाखालून आलं.

"दुसऱ्या कुनाची कशाला, माझीच बघ की बाई," चतुराबाई तिथूनच म्हणाली. बोलण्यात टोमणा होता, की तिला खरंच तसं म्हणायचं होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं. "मी काय लई दिस ऱ्हात नसते." आणि बोळक्या तोंडानं ती हसली.

रांगेतली माणसंही हसली.

आशाबाई हसली नाही. तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती म्हातारीकडं बघू लागली. तिच्या हाडकुळ्या मनगटांकडं, धापेनं वरखाली होणाऱ्या छातीकडं, पांढुरक्या डोळ्यांकडं. ती सावकाश, नीट बघत राहिली.